सेन्सर अमोनिया मोजतोय की पावसाळा?

प्रश्न थोडक्यात पुढे दिला आहे. त्यातले शब्द आधी: कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, मल्टिवॉल म्हणजे त्यांच्या भिंती एकात एक बसलेल्या; ग्राफीन म्हणजे एका अणूइतका जाड कार्बनचा थर; इंटरडिजिटेटेड इलेक्ट्रोड म्हणजे बोटांत बोटं गुंतवल्यासारख्या पट्ट्या; पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग; आणि बेसलाइन म्हणजे वायू नसतानाचा रोध. लातूरच्या एका महाविद्यालयातून पीएच.डी. करणारे एक संशोधक लिहितात: "मल्टिवॉल कार्बन नॅनोट्यूबवर आम्लाची प्रक्रिया करून त्यांचा पातळ थर सोन्याच्या इंटरडिजिटेटेड इलेक्ट्रोडवर टाकला. पाच लिटरच्या काचेच्या बरणीत सेन्सर ठेवून १००० पीपीएमच्या सिलिंडरमधला अमोनिया सिरिंजने सोडतो. जानेवारीत २५ पीपीएमला रोध १२ टक्के वाढायचा आणि दहा मिनिटांत खाली यायचा. जुलैत तोच सेन्सर जेमतेम ४ टक्के दाखवतो, बेसलाइन दिवसभर चढत राहते आणि बरणीचं झाकण उघडलं तरी रोध उडी मारतो. नॅनोट्यूब खराब झाल्या का? ग्राफीनकडे वळू का? वडिलांचं औसा रस्त्याला पोल्ट्री शेड आहे, शेवटी सेन्सर तिथे लावायचा आहे."

नॅनोट्यूब खराब झालेल्या नाहीत आणि मटेरियल बदलू नका, हे आधी सांगतो. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारी एकाच कारणाकडे बोट दाखवतात. तुमचा सेन्सर अमोनियाबरोबर पाणीही मोजतोय, आणि जुलैत पाण्याची बाजू जड झाली आहे.

थोडं गणित मांडून बघा. जुलैतल्या एखाद्या ढगाळ दिवशी तापमान २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरली, तर बाष्पाचा दाब साधारण ३ किलोपास्कल येतो. लातूरच्या उंचीवर हवेचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास असतो. म्हणजे हवेत पाण्याचे रेणू सुमारे ३२,००० पीपीएम झाले. जानेवारीत २० अंश आणि ४० टक्के धरा, तर हाच आकडा १०,००० च्या आसपास येतो. तुम्ही सोडता तो अमोनिया २५ पीपीएम. जानेवारीत अमोनियाच्या एका रेणूमागे पाण्याचे चारशे रेणू होते, जुलैत तेराशेच्या जवळ आहेत. आर्द्रता फक्त एका टक्क्याने हलली, तरी पाणी साडेतीनशे पीपीएमने बदलतं. तुमच्या अमोनियाच्या चौदापट.

पाणी आणि अमोनिया या सेन्सरला सारखे का वाटतात, हे कळलं की पुढचं सोपं जातं. हवेत उघड्या असलेल्या नळीवर आणि तिच्या इलेक्ट्रोडच्या सांध्यावर ऑक्सिजन बसतो, इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, आणि नळी पी-प्रकारची होते. म्हणजे प्रवाह वाहतो तो होल्समुळे, इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेल्या मोकळ्या जागांमुळे. अमोनियाकडे इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते. तो नळीवर बसला की थोडा इलेक्ट्रॉन देतो, होल्स कमी होतात, रोध वाढतो. पाणीही इलेक्ट्रॉन देणारंच आहे. देतं कमी, पण संख्येने प्रचंड. त्यात तुम्ही नळ्यांना नायट्रिक-सल्फ्युरिकमध्ये उकळून त्यांच्यावर कार्बोक्झिल गट, म्हणजे ऑक्सिजन असलेले आम्लधर्मी गट, लावलेत. अमोनियाला पकडण्यासाठी लावले हे बरोबरच केलंत, कारण निर्दोष नळीच्या गुळगुळीत भिंतीवर अमोनिया फार सैल बसतो. पण हायड्रोजन बंधाने त्या गटांना पाणीही तितक्याच आवडीने चिकटतं. शिवाय पाण्याने थर किंचित फुगतो, नळ्यांमधली अंतरं वाढतात आणि त्यानेही रोध चढतो. फार जास्त आर्द्रतेत मात्र पाण्याची सलग साय तयार होते, तिच्यातून आयन वाहायला लागतात आणि रोध उलट उतरू शकतो. म्हणून "आर्द्रतेसाठी एक गुणक लावून टाकू" हा विचार मनातून काढा. एका गुणकाने हे सरळ होत नाही.

आता तुमच्या १२ चे ४ टक्के कसे झाले ते बघू. माझ्या मते उत्तर तुमच्या सिरिंजमध्ये आहे. १००० पीपीएमच्या सिलिंडरमधून पाच लिटरमध्ये २५ पीपीएम करायला १२५ मिलिलिटर वायू लागतो. हा वायू सिलिंडरचा, म्हणजे कोरडाठक्क. तो बरणीतल्या अडीच टक्के हवेची जागा घेतो आणि तितकंच पाणी कमी करतो. जानेवारीत ही घट अडीचशे पीपीएमची होती, जुलैत आठशेची आहे. पाणी कमी झालं की रोध उतरतो, अमोनिया आला की चढतो. तुम्हाला दिसतो तो या दोघांच्या ओढाताणीतून उरलेला आकडा. झाकण उघडल्यावरच्या उडीचं कारणही हेच आहे. दिवसभर कोरड्या वायूची इंजेक्शनं दिल्याने बरणीतली हवा खोलीपेक्षा कोरडी झालेली असते. झाकण निघालं की बाहेरचा ओलावा आत येतो आणि रोध झपकन वर जातो. तिथे अमोनियाचा संबंधच नाही.

माझं म्हणणं खरं की खोटं, ते एका दुपारी ठरेल. अमोनियाऐवजी १२५ मिलिलिटर कोरडा नायट्रोजन सोडा, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. रोध खाली गेला तर निदान बरोबर. त्यानंतर तोच नायट्रोजन पाण्याच्या बबलरमधून काढून, बरणीइतका ओला करून सोडा. आता सेन्सर स्थिर राहिला पाहिजे. या "रिकाम्या इंजेक्शन"चा आलेख प्रत्येक अमोनियाच्या आलेखाशेजारी छापायची सवय आत्ताच लावून घ्या. मी परीक्षक म्हणून प्रबंध वाचतो तेव्हा आधी हाच आलेख शोधतो. बहुतेक वेळा तो सापडत नाही, आणि मग पुढच्या दीडशे पानांवर विश्वास कसा ठेवायचा हा प्रश्न पडतो.

मी इतक्या ठामपणे का बोलतो आहे, तेही सांगतो. अनेक वर्षांपूर्वी छत्रपती संभाजीनगरात मी अर्धवट क्षपित (काही ऑक्सिजन काढून टाकलेल्या) ग्राफीन ऑक्साइडच्या थरावर नायट्रोजन डायऑक्साइड मोजत होतो. एप्रिल होता. दुपारनंतर प्रतिसाद फार सुंदर यायचे, रोध सरळ रेषेत उतरायचा. सकाळी तोच सेन्सर सुस्त असायचा. तीन आठवडे मी हे "तापमानाचा परिणाम" म्हणून वहीत लिहीत गेलो. एके दिवशी वायूची वाहिनी बंद असतानाच लाईट गेली. यूपीएसवर चाललेला मीटर दाखवू लागला की रोध चढतोय. अर्ध्या तासाने लाईट आली आणि रोध उतरायला लागला. खोलीत एकच गोष्ट बंद होऊन पुन्हा सुरू झाली होती, खिडकीतला कूलर. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा थरात शिरत होती, पाण्याबरोबर प्रोटॉनचं वहन वाढत होतं आणि रोध उतरत होता. नायट्रोजन डायऑक्साइडनेही रोध उतरतोच. मला दोन्ही एकच दिसले. त्या तीन आठवड्यांची सगळी मोजमापं मी काढून टाकली. ते दुःख अजून आठवतं, म्हणूनच तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो.

आता वायू गेल्यावर रोध मूळ पातळीवर परत येण्याबद्दल. आपल्या क्षेत्रात सगळे प्रतिसादाबद्दल बोलतात. किती टक्के, किती सेकंदांत, किती कमी पीपीएमला. माझ्या लेखी सेन्सरची खरी परीक्षा वायू निघून गेल्यावर सुरू होते. सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये मल्टिवॉल नळ्यांवरचा त्यांचा प्रसिद्ध शोधलेख लिहिला. २००० साली स्टॅनफर्डमध्ये होंगजिए दाई यांच्या गटाने एकाच अर्धवाहक नळीवर वायू सोडून दाखवला. २०० पीपीएम नायट्रोजन डायऑक्साइडने काही सेकंदांत तिची वाहकता हजारपटीच्या आसपास वाढली. हा आकडा प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात असतो. त्याच शोधलेखात लिहिलंय की वायू बंद केल्यावर खोलीच्या तापमानाला नळी पूर्ववत व्हायला बारा तासांच्या आसपास लागले आणि २०० अंशांना तापवल्यावर तासाभरात काम झालं. हे वाक्य मात्र फारसं कोणी उद्धृत करत नाही. शेडमध्ये लावायच्या यंत्रासाठी ते पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

रेणू पृष्ठभागावर किती वेळ बसून राहतो, हे त्याच्या बंधऊर्जेवर आणि तापमानावर घातांकाने अवलंबून असतं. प्रयत्नांची वारंवारता (रेणू सुटायची धडपड किती वेळा करतो ती) सेकंदाला १०¹² धरून ३०० केल्व्हिनला हिशेब केला, तर ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्टने धरलेला रेणू अर्ध्या मिनिटात सुटतो. ०.९ ला वीस-बावीस मिनिटं लागतात. १.० ला साडेसतरा तास. ऊर्जेत दशांशाचा फरक आणि मिनिटांचे तास होतात. "संवेदनशीलता वाढवायची" म्हणून आपण जास्त घट्ट पकडणारे गट लावत जातो, आणि सेन्सर परत यायचं विसरतो तो इथे.

तापमानाने हाच हिशेब कसा फिरतो तेही बघा. १.० इलेक्ट्रॉन व्होल्टचा तोच रेणू घ्या. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना तो साडेपाच दिवस बसेल, मेच्या दुपारी ४३ अंशांना अडीच तास, आणि ७७ अंशांना तापवलात तर चार मिनिटं. थर तसाच, रेणूही तोच, बदलला फक्त ऋतू. मराठवाड्यात उघड्यावर ठेवलेल्या सेन्सरला वर्षभरात हे सगळं सोसावं लागतं. एसी प्रयोगशाळेत २५ अंशांना काढलेल्या आलेखात यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून माझा पहिला उपाय साधा आहे. थराच्या मागे एक छोटा हीटर बसवा आणि थर कायम ६० अंशांवर धरून ठेवा. दोन लहान रेझिस्टर, तापमान मोजणारा एक थर्मिस्टर आणि नियंत्रणाचा चार ओळींचा प्रोग्राम एवढ्यावर भागतं. याने तीन गोष्टी एकदम साधतात. रेणू लवकर सुटतात. नळ्यांच्या थराचा रोध तापमानाने बदलतो, ती भानगड संपते, कारण थराला बाहेर मे आहे की जानेवारी हे कळतच नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. ६० अंशांना पाण्याचा संपृक्त बाष्पदाब जवळपास २० किलोपास्कल असतो. बाहेर ३ किलोपास्कल बाष्प असलेली जुलैची ओली हवा या गरम थरापाशी आली, की तिथली सापेक्ष आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरते. थरापुरता जुलैचा मार्च होतो. याची किंमत म्हणजे अमोनियाही कमी वेळ बसतो, त्यामुळे प्रतिसाद घटेल. घटू द्या. १२ टक्के प्रतिसाद आणि ३० टक्के सरकणारी बेसलाइन यापेक्षा ३ टक्के प्रतिसाद आणि ०.०५ टक्के गोंगाट मला केव्हाही चालेल. "खोलीच्या तापमानाला चालतो" ही नॅनोट्यूबची शेखी थोडी कमी होते हे खरं. पण टिन ऑक्साइडचे सेन्सर ३०० अंशांच्या वर तापवावे लागतात. बाजारात मिळणाऱ्या एमक्यू मालिकेच्या डब्या हात लावला तर गरम लागतात त्या यामुळेच. त्यामानाने ६० अंश पुष्कळ स्वस्तात पडतात, आणि काचेऐवजी पॉलिइमाइडच्या (उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पातळ पट्टीवर थर टाकलात तर वीज आणखी वाचते.

दुसरा उपाय जोडीच्या थराचा. त्याच घाण्यातला, त्याच दिवशी टाकलेला दुसरा थर शेजारी ठेवा. त्याच्यापर्यंत ओलावा पोचेल पण अमोनिया पोचणार नाही अशी व्यवस्था करा. वाटेत सायट्रिक आम्लात भिजवून वाळवलेला गाळणकागद ठेवला की अमोनिया तिथेच अडकतो. दोन्ही थर व्हीटस्टन पुलात (रोधांमधला फरक दाखवणाऱ्या मंडलात) जोडा आणि फक्त फरक मोजा. कागद अधूनमधून बदलावा लागतो, आणि तो स्वतःही थोडं पाणी धरतो, म्हणून आर्द्रता झपाट्याने बदलते तेव्हा दोन थरांत थोडी चुकामूक होते. तरीही बेसलाइनचं सरकणं यात खूप आवरतं. सोबत आर्द्रतेचा एक बरा डिजिटल सेन्सर बसवून प्रत्येक नोंदीबरोबर आर्द्रता आणि तापमान लिहून ठेवा. डीएचटी-११ घेऊ नका, त्याची अचूकता इथे पुरत नाही. एसएचटी-३१ थोडा महाग आहे पण भरवशाचा.

आर्द्रतेची ठरावीक पातळी हवी असेल तर संपृक्त क्षारांची जुनी रीत वापरा. २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइडवर ३३ टक्के, सोडियम क्लोराइडवर ७५ आणि पोटॅशियम सल्फेटवर ९७ टक्के आर्द्रता मिळते. प्रयोगशाळेतलं शुद्ध मीठ घ्या, स्वयंपाकघरातलं नको. एक चूक मात्र करू नका. क्षाराचं द्रावण बरणीत तसंच ठेवून वर अमोनिया सोडू नका, तो सगळा द्रावणात विरघळून जाईल. द्रावण फक्त आर्द्रतेचा आलेख काढण्यापुरतं ठेवायचं.

अमोनिया काचेला आणि रबराच्या बुचालाही चिकटतो. हिशेबाने २५ पीपीएम सोडलात तरी आत तेवढे असतीलच असं नाही. नळ्या टेफ्लॉनच्या वापरा, रोजचं पहिलं इंजेक्शन भिंतींना पाजण्यासाठी द्या आणि त्याची नोंद धरू नका. संशोधननिधीतून वायूचा प्रवाह मोजून सोडणारे तीन मास फ्लो कंट्रोलर मिळाले तर बरणी सोडून वाहत्या हवेवर जा. एका वाहिनीत कोरडी हवा, एकीत ओली, तिसरीत अमोनिया. एकूण प्रवाह कायम ठेवून फक्त प्रमाण बदलायचं, म्हणजे सिरिंजचा हा सगळा घोळ मुळातच संपतो.

ग्राफीनकडे वळायचं का, याचं माझं उत्तर नाही असं आहे. निदान या कारणासाठी तरी नाही. २००७ साली मँचेस्टरच्या गटाने ग्राफीनवर एकेक रेणू बसताना-उठताना टिपला, ते विलक्षण काम होतं. पण तो थर आधी तापवून स्वच्छ केलेला होता, मापनं काळजीपूर्वक नियंत्रित वातावरणात झाली होती आणि गोंगाट कमालीचा कमी होता. आपल्याकडे महाविद्यालयात "ग्राफीन" म्हणून जे बनतं ते बहुतेक वेळा हमर्सच्या पद्धतीने (आम्लात ग्रॅफाइटचं ऑक्सिडीकरण करून) केलेलं ग्राफीन ऑक्साइड असतं. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट तुमच्या नळ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. ते इतकं पाणी पितं की लोक त्याचे आर्द्रतामापकच बनवतात. तुम्ही आगीतून फुफाट्यात जाल. तरी कधी करायची वेळ आलीच, तर सल्फ्युरिक आम्लात पोटॅशियम परमँगनेट बर्फात ठेवूनच चिमूट चिमूट टाका आणि तापमान २० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतं आणि ५५ अंशांच्या आसपास ते स्फोटक बनतं. घाईत सगळी पुडी ओतणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

बदल करायचाच असेल तर नळ्यांवर पॉलिॲनिलिन हे वीज वाहणारं बहुलक चढवून बघा. हिरव्या, आम्ल-भारित पॉलिॲनिलिनमधून अमोनिया प्रोटॉन काढून घेतो, साखळीची वाहकता पडते आणि रंग निळ्याकडे झुकतो. इथे अमोनियाची ओळख रासायनिक आहे, नुसतं बसणं-उठणं नाही. म्हणून पाण्याशी गल्लत कमी होते, जात नाही. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात वाहक बहुलकांच्या सेन्सरवर बरीच वर्षं काम झालेलं आहे. तिथे जाऊन चार दिवस बसलात तर सहा महिने वाचतील. पॉलिॲनिलिन काही महिन्यांत म्हातारं होतं आणि फार तापवलं तर आम्ल उडून जातं. त्यामुळे त्याच्यासाठी ६० ऐवजी ४५-५० अंशच ठेवा.

पैशाची चणचण असेल तर एक रीत अजून आहे. २०१२ मध्ये एमआयटीत टिमोथी स्वॅगर यांच्या गटाने नॅनोट्यूबची भुकटी दाबून तिची पेन्सिलच्या शिशासारखी कांडी केली आणि कागदावर रेघ ओढून सेन्सर तयार केला. द्रावक नको, अल्ट्रासॉनिक बाथ नको. प्राथमिक चाचणीसाठी ही रीत मला फार आवडते, कारण एका तासात वीस नमुने होतात आणि आपला निकाल एका नशीबवान थरावर उभा राहत नाही. कागद ओलावा धरतो, म्हणून शेडसाठी नको. त्याच गटाने त्याच वर्षी तांब्याच्या संयुगाची जोड देऊन नळ्यांवर इथिलीन ओळखून दाखवलं. फळ पिकताना सुटणारा तो वायू. जालन्याच्या मोसंबीचा आणि आपल्या केशर आंब्याचा विचार करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने हा धागा उचलावा, असं मला फार वाटतं.

शोधसीमेबद्दल, म्हणजे सेन्सरला ओळखता येणाऱ्या कमीत कमी प्रमाणाबद्दल, एक विनंती आहे. २५ ते १०० पीपीएममध्ये चार बिंदू मोजायचे, त्यातून रेघ लांबवायची आणि गोंगाटाच्या तिप्पट भागिले उतार करून "शोधसीमा ४० पीपीबी" (पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग) असं लिहायचं, ही प्रथा पडली आहे. त्या पातळीला प्रत्यक्ष वायू सोडून पाहिला नसेल तर तो आकडा लिहू नका. तुमच्या शेडसाठी तो लागतही नाही. माणसाच्या आठ तासांच्या कामासाठी अमोनियाची शिफारस केलेली मर्यादा २५ पीपीएम आहे, आणि कोंबड्यांचे डोळे व श्वासनलिका जपायच्या तरी हाच आकडा धरतात. तुम्हाला १० ते १०० च्या मधलं, वर्षभर, भरवशाने मोजायचं आहे. पाच थर, तीन वेगवेगळे घाणे, आणि जुलै ते मे अशी मापनं एवढं एका आलेखात दाखवलंत तर ते काम कोणत्याही पीपीबीपेक्षा मोलाचं होईल.

इथे एक गोष्ट बाजूची, पण मला वारंवार विचारली जाते म्हणून. जुन्या पेवात किंवा विहिरीत उतरण्याआधी तपासायला हा सेन्सर चालेल का? चालणार नाही. तिथे माणूस दगावतो तो बहुधा कार्बन डायऑक्साइड साचून ऑक्सिजन कमी झाल्यामुळे, आणि साध्या नॅनोट्यूबला कार्बन डायऑक्साइड जवळपास दिसतच नाही. तिथे ऑक्सिजनचा मीटरच हवा. कंदील सोडून बघण्याच्या जुन्या रीतीने ऑक्सिजनचा अंदाज येतो, पण मळीच्या किंवा सांडपाण्याच्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड कंदिलाला कळत नाही, आणि मिथेन असेल तर कंदीलच घात करतो.

आता शेड. तिथे अमोनिया येतो तो ओल्या लिटरमधून, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या थरातून. विष्ठेतलं युरिक आम्ल जिवाणू फोडतात आणि लिटरचा पीएच ८ च्या वर गेला की वायू भरपूर सुटायला लागतो. हिवाळ्यात रात्री पडदे पाडले की तो आत कोंडतो, पावसाळ्यात तूस ओलं होऊन जास्त सुटतो. लिटरवर चुना मारल्यावर किंवा ते खालीवर केल्यावर काही वेळ रीडिंग वर जाईल. तो सेन्सरचा दोष समजू नका, चुन्याने पीएच वाढून अमोनिया खरोखरच बाहेर पडतो. शेड रिकामं असताना फॉर्मेलिनचं धुरीकरण करणार असाल तर सेन्सर आधी काढून ठेवा. धुळीसाठी पुढे टेफ्लॉनची छिद्रल पटल-गाळणी लावा. तांब्याच्या उघड्या तारा आणि पितळी स्क्रू वापरू नका, ओल्या अमोनियात ते हिरवे पडून गळतात आणि त्यांचा वाढलेला रोध तुम्ही प्रतिसाद म्हणून वाचाल. चांदीच्या पेस्टचा सांधाही तिथे टिकत नाही. सोनं नाही तर कार्बन पेस्ट घ्या आणि सांध्यावर सिलिकॉनचा लेप द्या.

नळ्यांची कोरडी भुकटी शेडमध्ये न्यायचीच नाही, प्रयोगशाळेतही ती धुराड्याखालीच (फ्यूम हूडमध्येच) हाताळा आणि शक्य तितकी ओली ठेवा. लांब, ताठ मल्टिवॉल नळ्यांनी उंदरांमध्ये ॲस्बेस्टॉससारखा दाह होतो असं २००८ मध्ये दिसलं. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगारांच्या आरोग्याच्या संस्थेने श्वसनासाठी घनमीटरला १ मायक्रोग्रॅम इतकी कडक मर्यादा सुचवली आहे. साधा कापडी मास्क त्यासाठी पुरत नाही.

तुमचा सेन्सर तयार व्हायला मला वर्ष-दीड वर्ष दिसतं. तोपर्यंत वडिलांना वाट बघायला लावू नका. आज इलेक्ट्रोकेमिकल सेलचा अमोनिया मीटर घ्या, तो दोनेक वर्षं चालतो. सतत जास्त अमोनियात ठेवलात तर लवकर संपतो, म्हणून मोजून झालं की बाहेर आणा. तोही परवडत नसेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून वाचायच्या पीएच पट्ट्या येतात, त्यांनी अंदाज पुरतो. तुमचा सेन्सर पहिल्यांदा शेडमध्ये जाईल तो या मीटरच्या शेजारीच जाऊ द्या, म्हणजे रोजची तुलना आपोआप होईल.

आणि दोन्ही यंत्रं लावताना माणसाच्या नाकाच्या उंचीला लावू नका. आपण उभे असतो तिथली हवा खालच्यापेक्षा बरी असते. लिटरपासून वीतभर वर, कोंबडीची मान जिथे असते तिथे लावा, आणि पाण्याच्या निपलपासून दूर, नाहीतर परत पाणीच मोजाल.